वरच्या बाजूची स्की

लेमेत भित्रा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर पठारावरची माणसं पोट धरून हसली असती. कळपाजवळ लांडगा आला तेव्हा नुसती काठी घेऊन धावून गेलेला हा गडी. तळ्यावरचं बर्फ पायाखाली कुरकुरायला लागलं की बाकीचे जागच्या जागी थिजायचे, आणि हा पुढे होऊन टाच आपटून सांगायचा, "या रे, काही होत नाही." पण गेल्या वसंतापासून घरात किटलीतलं पाणी खळखळायला लागलं की या गड्याची बोटं आखडायची. हातात चमचा असला तर तो तसाच अधांतरी राहायचा. बायको गारेन किटली उतरवून ठेवायची, तेव्हा कुठे त्याचा श्वास सुटायचा.

गोर्जीच्या पाण्याचा आवाज अगदी तसाच होता.

उत्तर ध्रुवाकडच्या सामी लोकांचे रेनडिअरचे कळप हिवाळा पठारावर काढतात आणि वसंतात, माद्या विण्याच्या आधी, समुद्राकडे उतरतात. लेमेतच्या घराण्याची वाट गोर्जीवरून जाते. गोर्जी म्हणजे धबधबा आणि त्याखालची घळ. सगळी नदी गोठलेली असते तेव्हाही तिथलं पाणी उघडं, काळं, आणि सारखं ओरडत असतं. त्याच्या वर एक लांबलचक उतार आहे, तो आडवा कापून पलीकडे जायचं. आजे-पणजे लाकडी स्की पायात बांधून जायचे, आताची माणसं स्कूटरवर जातात. बर्फावरच्या गाडीला तिकडे स्कूटरच म्हणतात. मागे फिरता रबरी पट्टा, पुढे चाकांच्या जागी दोन रुंद स्की, आणि प्रत्येक स्कीच्या पोटाला पोलादी पातं. हँडल वळवलं की पातं बर्फात रुततं आणि गाडी वळते. नाही रुतलं, तर माणूस नुसता हँडल वळवत बसतो.

गेल्या वसंतात कळप पार झाल्यावर लेमेत शेवटची फेरी करून येत होता. उतारावर कुणाच्या तरी जुन्या चाकोऱ्या होत्या, उन्हाने वितळून पुन्हा काचेसारख्या गोठलेल्या. त्याच्या स्कीचं झिजलेलं एकेरी पातं त्यातल्या एकीत शिरलं, आणि ती चाकोरी निघाली खाली जाणारी. त्याने हँडल वर ओढलं. हँडल वळलं, गाडी वळली नाही. आगगाडी रुळावरून जाते तशी ती त्याला घेऊन घळीकडे निघाली. शेवटी बर्चचं एक वाकडं झाड आडवं आलं आणि गाडी त्याच्यावर आपटून थांबली. लेमेतचा एक पाय कड्यावरून लोंबत होता. खाली पाणी ओरडत होतं, आणि वर हा ओरडत होता. काय ओरडत होता ते त्याला नंतर आठवलं. तो आईला हाका मारत होता. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्याच्या मागोमाग त्याचा मेव्हणा, गारेनचा धाकटा भाऊ इस्सात, आपल्या स्कूटरवर येत होता. लेमेत कसाबसा उभा राहतोय तोवर इस्सात वरच्या अंगाला येऊन थांबला आणि म्हणाला, "काय दाजी, झाडाशी सोयरीक जुळवताय?"

"मुलगी पसंत नाही पडली," लेमेत म्हणाला आणि हसला. दोघांनी गाडी वर ओढून काढली. विषय तिथेच मिटला.

मिटला तो जगासाठी. लेमेतच्या पोटात त्या दिवशी जी भीती शिरली ती काही निघाली नाही. आणि तिच्या जोडीला दुसरी एक भीती होती, लाजेची. इस्सातने पाहिलं का? त्या हाका ऐकल्या का? इस्सात थट्टेखोर माणूस, दर दोन वाक्यांना टोमणा. त्याने नुसतं "दाजी, झाड आठवतं का?" म्हटलं तरी लेमेतच्या काळजात धस्स व्हायचं. वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे, हा नुसता मजा बघतोय.

सरळ विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. पण तिकडे तसं विचारत नाहीत. वाटेवरच्या धोक्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही तिथली जुनी रीत. अस्वलालाही अस्वल म्हणत नाहीत, म्हातारा म्हणतात. मग भीतीचं नाव कोण घेणार? बापाने घेतलं नाही, आज्याने घेतलं नाही. लेमेतनेही घेतलं नाही आणि वर्षभर आतल्या आत कुढत राहिला.

हिवाळा सरत आला तेव्हा एक दिवस जेवताना, हाडातला मगज काढता काढता तो अचानक म्हणाला, "यंदा कळपाच्या पुढे सुन्ना जाईल. माझी स्कूटर घेऊन."

सुन्ना त्याची एकुलती एक मुलगी, पंचविशीची. तिने हातातलं हाड ताटात टाकलं. "खरंच बाबा? आणि तू?"

"मी मागे. लाकडी स्कीवर. जुन्या रीतीने."

सुन्नाने त्याच्या गळ्यात हात टाकले. इस्सात म्हणाला, "वा! दाजींनी गादी सोडली!" सगळ्यांना बापाच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं. लेमेत मान खाली घालून मगज चाखत बसला. त्या उतारावर पुन्हा गाडी घालायची त्याची छाती नव्हती, एवढीच खरी गोष्ट होती. आणि अंथरुणावर पडल्यावर दुसरी खरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. जिथे आपण जायला घाबरतो तिथे आपण पोरीला पाठवतोय. आता शब्द मागे घ्यावा तर कारण सांगावं लागणार. तो उठून बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला स्कीचं वेड लागलं.

आधी तो गावातल्या दुकानात गेला. दुकानदार पोरगेलासा होता. त्याने भिंतीवरची सगळ्यात रुंद जोडी काढून दिली. "ही घ्या काका. भुसभुशीत बर्फात होडीसारखी तरंगते."

"भुसभुशीत राहू दे. जुन्या गोठलेल्या चाकोरीत कशी वागते?"

"चाकोरीत... म्हणजे, तशी बरी वागते."

"बरी म्हणजे?"

लेमेतने जोड्या खाली उतरवून घेतल्या, उलट्या केल्या, पोटावरून अंगठा फिरवला. पोटाला खोल कणा असलेली एक होती. ती बर्फ घट्ट धरणार, पण मग हँडल इतकं जड होणार की कळपापुढे चालीच्या वेगाने जाताना सुन्नाचे खांदे निखळतील. अरुंद एक होती, ती नव्या बर्फात बुडणार. शेवटी त्याला मध्यम रुंदीची, पोटाला शेजारी शेजारी दोन पाती असलेली जोडी सापडली. एक पातं चाकोरीत शिरायला बघतं, तेव्हा दुसरं काठावर अडतं. मग चाकोरी गाडीला ओढत नाही. त्याने ती जोडी छातीशी धरली आणि घरी येईपर्यंत मोटारीत मागे ठेवली नाही, शेजारच्या सीटवर ठेवली.

मग शेडमध्ये बसवणं सुरू झालं. स्कीच्या खोबणीत गाडीचा पाय सैल बसत होता, तर दोन्ही बाजूंना चकत्या घालून ती फट भरली. खालची रबराची उशी एकदा बसवली, काढली, पुन्हा बसवली. ती उलटी बसली तर स्कीचं नाक खाली झुकतं आणि पहिल्याच ढिगाऱ्यात घुसतं. मग हँडल सरळ बांधून ठेवलं, दोन्ही नाकं रबरी दोरीने एकमेकांकडे ओढून सांध्यांतला ढिलेपणा काढला, आणि रबरी पट्ट्याला लांब फळी टेकवून मापायला बसला. स्की पुढून किंचित फाकलेल्या हव्यात. नाकं आत वळली तर गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खाते, फार फाकली तर पाती फुकट घासतात. तो नट पिळायचा, मापायचा, सैल करायचा, पुन्हा मापायचा. माप बरोबर आलं तरी त्याचा विश्वास बसायचा नाही.

इस्सात दारात उभा राहून बघायचा. "दाजी, स्की बसवताय की नवरीला दागिने घालताय?"

"तुला काम नाही का?"

"आहे ना. तुमच्याकडे बघणं." मग तो वाकला, नव्या पात्यांवर बोट फिरवलं, आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ही पाती चाकोरीत शिरत नाहीत म्हणता? नक्की?"

लेमेतच्या हातातला पाना निसटला. बघा, काढलीच याने चाकोरी! "नक्की," तो खेकसला. "आणि जा आता. उजेड अडवू नकोस."

इस्सात गेला. टोमणा न मारता गेला हे लेमेतच्या ध्यानातही आलं नाही.

गारेनने एकदा शेडमध्ये कॉफी आणून दिली आणि तिथेच बसून राहिली. "लेमेत, तुला काय होतंय?"

"मला काय धाड भरलीय? स्कीचं बघतोय."

"स्कीचं कधीच झालंय. मी तुझ्याबद्दल विचारतेय."

"बोल्टला नट घट्ट बसला का, एवढं बघतोय ग बाई." तिने त्याच्याकडे पाहिलं, रिकामा कप उचलला आणि निघून गेली. बायकोशी खोटं बोलताना त्याला वाईट वाटलं, पण खरं बोलायची हिंमत झाली नाही.

सुन्नाने अंगणातल्या जुन्या चाकोऱ्यांवर, नदीकाठच्या टेकाडावर, सगळीकडे गाडी फिरवून बघितली. परत आली ती ओरडतच. "बाबा, लोण्यासारखी वळते रे! बोटाने वळते!" लेमेतला त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

निघायचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि बर्फावरची साय कडक होती. गारेन तंबू आणि भांडीकुंडी घेऊन सडकेने पुढच्या मुक्कामी गेली. सुन्ना स्कूटरवर सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागे घसरगाडी जोडलेली, तिच्यावर इंधनाचे डबे, सुकं मांस, कातडी, आणि पाय मुरगळलेली एक गाभण मादी बांधून ठेवलेली. घसरगाडीच्या मागे दोरीने बांधलेला चाप्पे, काळा, वयस्क रेनडिअर, कळपाचा वाटाड्या, गळ्यात घंटा. त्या घंटेच्या मागे कळप. कळपाच्या मागे एका अंगाला स्कूटरवर इस्सात आणि दुसऱ्या अंगाला लाकडी स्कीवर लेमेत.

सपाटीवर सगळं ठीक होतं. पण गोर्जी दिसायच्या आधी ऐकू येते. तो आवाज कानावर पडला आणि लेमेतच्या तोंडाला कोरड पडली. त्याने बर्फ तोंडात टाकलं. समोर सुन्ना दिसत नव्हती, नुसतं शिंगांचं रान. तो फक्त घंटा ऐकत होता. घंटा वाजतेय म्हणजे चाप्पे चालतोय, चाप्पे चालतोय म्हणजे सुन्ना चालतेय. वाज, बाई, वाज.

घंटा थांबली.

कळप थांबला. लेमेतचं काळीजही थांबलं म्हणा. "इस्सात! कळप धर!" एवढं ओरडून तो वरच्या अंगाने कळपाला वळसा घालत धावत सुटला. उताराच्या काठाशी येऊन पाहतो तर काय! स्कूटर उतारावर मधोमध उभी, तोंड तिरकं खाली झालेलं. घसरगाडी मागून खाली ओढतेय, चाप्पे पाय रोवून मागे रेलून उभा. सुन्ना वरच्या पायफळीवर सगळा भार देऊन उभी होती. तिने हँडल वर वळवून जरासा वेग दिला. स्की वळल्या, पण बर्फावर नुसत्या खरडल्या, आणि गाडी चार हात खाली सरकली.

लेमेतला लख्खकन कळलं. ओझं! मागे भरलेली घसरगाडी जोडली की गाडीची शेपटी बसते आणि नाक हलकं होतं. नाक हलकं झालं की स्कीवर भार नाही, भार नाही तर पातं रुतणार कसं? त्याने इतके दिवस नट पिळले, मापं घेतली, सुन्नाने सगळीकडे फिरवून पाहिली, आणि या सगळ्यात एकदाही, एकदासुद्धा, घसरगाडी जोडून पाहिली नाही. गेल्या वर्षी तो रिकाम्या गाडीसकट घसरला होता, म्हणून त्याच्या भीतीला फक्त रिकामी गाडी दिसत होती. कळपापुढे रिकामी गाडी कधी कुणी नेलीय का? "मूर्खा," तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला. "अरे मूर्खा!"

घसरगाडी सोडावी तर ती मादीसकट आणि चाप्पेसकट थेट घळीत गेली असती. गाडी फिरवायला जागा नव्हती. सुन्ना एकटी उतरली असती तर सगळंच खाली गेलं असतं. एकच गोष्ट उरली होती. वरच्या बाजूच्या स्कीवर कुणीतरी जाऊन उभं राहायचं.

लेमेतने लाकडी स्की काढल्या आणि टाच मारत उतारावर पाऊल टाकलं. मग दुसरं. अर्ध्यावर त्याचे पाय थांबले. तो थांबला नाही, पाय थांबले. खाली ते वाकडं झाड दिसत होतं, सालीवर गाडीच्या धडकेची पांढरी खूण. पाणी खळखळत होतं. तो बर्फावर खाली बसला. मला नाही जमणार, त्याने मनात म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

"बाबा!" सुन्नाचा आवाज फाटलेला होता. "बाबा, मला भीती वाटतेय!"

तिने नाव घेतलं. वाटेत, त्या उतारावर, पाण्याच्या तोंडाशी तिने भीतीचं नाव घेतलं. त्याच्या घराण्यात आजवर कुणी घेतलं नव्हतं.

"मलापण!" तो ओरडला. त्याला आपलाच आवाज ओळखू आला नाही. "मलापण भीती वाटतेय, सुन्ना! थांब, आलो!"

तो उठून चालला नाही, चारी पायांवर रांगत गेला. गाडीच्या नाकाशी पोचला, पुढची दांडी धरली आणि वरच्या स्कीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, तोंड मुलीकडे करून. स्की त्याच्या वजनाने खाली गेली. पाती करकरली.

"गेल्या वर्षी मी इथून खाली गेलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणून तुला पुढे घातलं. भ्यालो म्हणून."

सुन्नाचे डोळे विस्फारले. मग ती भडकली. "आणि आत्ता सांगतोस? आत्ता?"

"शिव्या नंतर दे. हँडल वर कर. हळू."

"तू घसरलास तर मी तुझ्या अंगावरून जाईन!"

"माहितेय. खाली बघू नकोस. माझ्या नाकाकडे बघ. मोठंच आहे."

ती हसली नाही. तिने दात आवळले आणि वेग दिला. गाडी थरथरली, जरा सरकली, आणि लेमेतच्या तोंडून "आई ग" निघालं. मग त्याच्या पायाखाली दोन्ही पाती बर्फात शिरली. त्याला ते तळव्यांना कळलं. गाडीचं नाक हळूहळू वर वळलं. चाप्पेने मान हलवली, घंटा वाजली. पहिली जुनी चाकोरी आली, स्कीने तिला ओलांडलं. दुसरी आली, एका पात्याने आत शिरायला बघितलं, दुसरं काठावर अडलं. लेमेत पूर्ण वेळ मुलीच्या तोंडाकडे बघत होता आणि तिच्या तोंडावर त्याला स्वतःचीच भीती दिसत होती, अगदी तशीच्या तशी. ते वाकडं झाड खालून मागे सरकत गेलं.

पलीकडच्या सपाटीवर गाडी थांबली तरी त्याला दांडी सोडता येईना. सुन्नाने त्याचं एकेक बोट उघडून हात सोडवला. त्याच्या कोटात तोंड खुपसून ती बराच वेळ उभी राहिली, आणि कळप त्यांच्या दोन्ही अंगांनी खुरं वाजवत निघून गेला.

सगळ्यात शेवटी इस्सात आला, लेमेतच्या लाकडी स्की पाठीला बांधून. तोवर सुन्नाने शेकोटी करून किटली चढवली होती. इस्सात धप्पकन कातड्यावर बसला. "काय दाजी! एवढे दिवस मापलं, पिळलं, आणि शेवटी स्वतःच स्की झालात?"

लेमेत हसला नाही. "मी घाबरलो होतो, इस्सात. गेल्या वर्षीपासून. त्या झाडापाशी मी आईला हाका मारत होतो. तू ऐकल्यास ना? खरं सांग."

इस्सातचं हसू चेहऱ्यावर तसंच अर्धवट राहिलं. तो काटकीने निखारे उकरू लागला. "नाही ऐकल्या."

"तू माझ्या मागेच होतास."

"होतो."

"मग पाहिलं तरी असशील."

"नाही पाहिलं." त्याने काटकी आगीत टाकली. "दाजी, त्या उतारावर मी डोळे मिटतो. तुमच्याबरोबर या वाटेने यायला लागलो तेव्हापासून. टोपी कानावर घट्ट बांधायची, तुमच्या चाकोरीत स्की घालायची आणि डोळे मिटायचे. चाकोरी आपोआप नेते. पलीकडे गेलं की उघडायचे."

सुन्ना त्याच्याकडे बघतच राहिली. लेमेतला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी गाडी खाली वळायला लागली," इस्सात म्हणाला. "तुमच्या चाकोरीत. तेव्हा उघडले. तुम्ही खाली झाडाला धरून होता, आणि मी सरळ तुमच्यावरच येत होतो. कशी थांबली मला अजून ठाऊक नाही. मग मी थट्टा केली. दुसरं काय करणार होतो?"

"आणि आज?" सुन्नाने हळूच विचारलं.

"आज डोळे मिटून तुझ्या चाकोरीत आलो, पोरी."

किटली खळखळायला लागली होती. लेमेतने आखडलेल्या बोटांनी ती स्वतः उतरवली आणि कॉफीचा पहिला कप इस्सातला दिला.